क्वालिफाईड म्हणजे पात्र, मग ‘क्वालिफाईड ओपिनियन’ आलं की क्लायंटचा चेहरा का पडतो?

प्रश्न थोडक्यात असा: ‘मॅडम, मी पुण्यात एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप करतोय. एका क्लायंटच्या वार्षिक अहवालाचं मराठी तपासायला माझ्याकडे दिलंय. त्यात ऑडिटरच्या “क्वालिफाईड ओपिनियन”चं “पात्र मत” केलंय. सरांनी ते वाचून कपाळाला हात लावला, पण समजावून सांगायला त्यांना सप्टेंबरात वेळ कुठला! क्वालिफाईड म्हणजे पात्रच ना? मग क्वालिफाईड ओपिनियन आलं की वाईट आणि अनक्वालिफाईड आलं की चांगलं, हे उलटं कसं?’

आधी ते ‘पात्र मत’ खोडा आणि त्या जागी ‘मर्यादित अभिप्राय’ लिहा. छपाईची घाई असेल तर एवढ्यावर काम भागेल. बाकीचं निवांत वाचा.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, तीही छापून. सत्तावीस वर्षं इंग्रजी कागदपत्रांचं मराठी करतेय, त्यातल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट. एका पतसंस्थेचा अहवाल होता. मी ऐटीत लिहिलं, ‘लेखापरीक्षकांनी संस्थेस पात्र अभिप्राय दिला आहे.’ वार्षिक सभा एका मंगल कार्यालयात होती, खुर्च्यांवर आदल्या दिवशीच्या लग्नाची पांढरी कव्हरं तशीच. अध्यक्षांनी माझं वाक्य खणखणीत आवाजात वाचलं आणि टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत एक निवृत्त बँक अधिकारी बसले होते. चष्मा कपाळावर, एका हातात इंग्रजी प्रत, दुसऱ्या हातात मराठी. ते उठले. ‘अध्यक्षमहाराज, पान अकरा. वरच्या ओळीत पात्र म्हणताय आणि खालच्या परिच्छेदात थकीत कर्जांची तरतूद कमी पडल्याचं सांगताय. पोरगं एका विषयात नापास झालंय आणि तुम्ही पेढे वाटताय.’ सभेनंतर चहाच्या टेबलापाशी त्यांनी मला गाठलं. ‘मराठी तुमचं? बरं आहे. पण बाई, “वगळता” कुठे गेला?’

त्या ‘वगळता’मध्ये तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं शाळेच्या व्याकरणात सापडतं. विशेषणाची व्याख्या आपण सगळ्यांनीच घोकली आहे: नामाबद्दल विशेष माहिती सांगून त्याची व्याप्ती मर्यादित करणारा शब्द म्हणजे विशेषण. पहिला भाग कळतो. आंबा गोड, मुलगा हुशार. दुसऱ्या भागावर मास्तर फारसे थांबत नाहीत, कारण परीक्षेत विचारत नाहीत. गोड म्हटल्याने आंब्याचं काय मर्यादित झालं? तर नुसतं ‘आंबा’ म्हटलं की जगातले सगळे आंबे आले. ‘गोड आंबा’ म्हटलं की आंबट बाहेर गेले. गुण चिकटवला आणि त्याच क्षणी कुंपण पडलं. ही दोन कामं वेगळी करताच येत नाहीत.

पुण्यात याचं प्रात्यक्षिक फुकट मिळतं. ‘जागा भाड्याने देणे आहे’ ही पाटी सगळ्या जगाला उद्देशून असते. तिच्याखाली ‘लहान कुटुंबास’ आलं की मोठी कुटुंबं गळाली. ‘शाकाहारी’ आलं की आणखी काही गळाले. मग ‘नोकरदार’, मग ‘फक्त’. शेवटी मालकाच्या मनातलं एक जोडपं उरतं आणि ते बहुधा आधीच दुसरीकडे राहायला गेलेलं असतं. आता हीच पाटी भाडेकरूच्या बाजूने वाचा. एकेक शब्द म्हणजे पात्रतेची अट. मालकाच्या बाजूने वाचा, एकेक शब्द म्हणजे त्याने घातलेली मर्यादा. शब्द तेच, पाटीही तीच. इंग्रजी ‘क्वालिफाय’ हे क्रियापद या पाटीच्या दोन्ही बाजूंना उभं राहतं, एवढंच त्याचं गौडबंगाल.

आता मूळ. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘क्वालिफिकारे’ असं क्रियापद होतं. ‘क्वालिस’ म्हणजे कसा, कोणत्या प्रकारचा. पुढचा तुकडा ‘फाकेरे’चा, म्हणजे करणं. फ्रेंचमधून ते पंधराव्या-सोळाव्या शतकात इंग्रजीत रुळलं. म्हणजे अक्षरशः ‘कसा ते ठरवणं’, एखाद्याला त्याचं कसेपण देणं. लॅटिन ‘क्वालिस’मधला ‘क्व’ आणि आपल्या ‘कोण, कसा, किती’मधला ‘क’ हे एकाच घराण्यातले. लॅटिनचं ‘क्विस’ आणि संस्कृतचं ‘कः’, त्यांचं ‘क्वोत’ आणि आपलं ‘कति’ समोरासमोर ठेवून पाहा. ‘कोटा’ हा शब्द त्या ‘क्वोत’च्याच कुळातला. बारावीचा निकाल लागला की घराघरात चालणारी चर्चा म्हणजे क्वालिफाय झाला का आणि कोट्यातून मिळेल का. ‘कसा’ आणि ‘किती’ या दोन जुन्या प्रश्नांचीच ती चर्चा.

‘क्वालिटी’ हा शब्द तर एका भाषांतरकाराने बनवला आहे, म्हणून माझा विशेष लाडका. ग्रीकमध्ये प्लेटोने ‘कसेपणा’ अशा अर्थाचा ‘पोइओतेस’ हा शब्द घडवला आणि शब्द ओबडधोबड वाटेल अशी कबुलीही तिथल्या तिथे देऊन टाकली. पुढे इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास सिसेरो ग्रीक तत्त्वज्ञान लॅटिनमध्ये आणत होता. त्याच्याकडे प्रतिशब्द नव्हता, म्हणून त्याने ‘क्वालिस’ला प्रत्यय लावून ‘क्वालितास’ केला. आज आपण ‘क्वालिटी एकदम फर्स्ट क्लास’ म्हणतो, तो हा तयार केलेला शब्द. परिभाषा कृत्रिम वाटते म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

संस्कृतच्या बाजूला याहून गंमत आहे. ‘विशेष’, ‘विशेषण’, ‘विशिष्ट’ हे सगळे ‘शिष्’ धातूचे. शिष् म्हणजे उरणं, शिल्लक राहणं, ‘शेष’ त्याचाच. बाकीचं बाजूला केल्यावर जे उरतं ते विशेष. म्हणजे आपल्या शब्दातही गुण आणि वगळणं एकाच पोटात आहे, फक्त रोजच्या वापराने ते दिसेनासं झालंय. म्हणूनच इंग्रजीत वेदान्त लिहिणाऱ्यांनी रामानुजांच्या विशिष्टाद्वैताला ‘क्वालिफाईड नॉनड्युअलिझम’ म्हटलं. तुमच्या अहवालाच्या हिशेबाने त्याचं मराठी ‘पात्र अद्वैत’ झालं असतं! तरी हा प्रतिशब्द अनेकांना खटकतो, आणि बरोबर खटकतो. इंग्रजी वाचकाला वाटतं की अद्वैतच जरा कमी केलंय, ‘अद्वैत आहे, पण...’ अशा सुरातलं. विशिष्टाद्वैत म्हणजे विशिष्टाचं अद्वैत. जीव आणि जगत ही विशेषणं असलेलं ब्रह्म, आणि ते एकच. विशेषण ब्रह्माला लागलंय, अद्वैताला नाही. एका शब्दाचे दोन अर्थ मनात स्पष्ट नसले की आचार्यांचं दर्शनसुद्धा ‘हो, पण’वर येतं.

‘क्वालिफाय’ची एक फांदी पात्रतेकडे गेली: अंगी गुण आणणं, लायक होणं, पदवी घेणं, अंतिम फेरीत पोचणं. दुसरी मर्यादेकडे गेली: विधान आवरतं घेणं, जोर कमी करणं, सौम्य करणं. दुसऱ्या फांदीचं चांगलं उदाहरण शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त आहे. कॅसिओला दारू झेपत नाही. आग्रह होतो तेव्हा तो सांगतो की आज मी एकच पेला घेतलाय आणि तोही हुशारीने ‘क्वालिफाईड’ केलेला. म्हणजे पाणी घालून पातळ केलेला. दारूत पाणी तसं विधानात ‘पण’. तुमच्या ऑडिटरने अभिप्रायात पाणी घातलंय असं समजा, क्लायंटचा चेहरा का पडतो ते कळेल.

आणि इथे मराठीकडे तयार माल आहे, तो वापरायचं आपल्याला सुचत नाही. इंग्रजीत ‘अनक्वालिफाईड सक्सेस’ म्हणतात त्याला आपण काय म्हणतो? निर्भेळ यश. भेसळ नसलेलं, पाणी न घातलेलं. कॅसिओच्या पेल्याच्या बरोबर उलटं. वर्तमानपत्रात ‘अपात्र यश’ असं मी अजून वाचलेलं नाही, पण यंत्राने केलेली भाषांतरं ज्या वेगाने छापली जाताहेत ते बघता फार वाट पाहावी लागणार नाही.

‘अनक्वालिफाईड’ हा शब्द मात्र खरोखर दुतोंडी आहे. ‘अनक्वालिफाईड डॉक्टर’ म्हणजे पदवी नसलेला, त्याच्याकडे जाऊ नये. ‘अनक्वालिफाईड अपॉलॉजी’ म्हणजे आडपडदा न ठेवता मागितलेली माफी, कोर्टाला तीच हवी असते. ओळखायचं कसं? विशेषण कोणाला लागलंय ते पाहायचं. माणूस, संघ, उमेदवार, संस्था, खर्च असं काही असेल तर पात्रता. बोललेली-लिहिलेली गोष्ट असेल, मत, संमती, स्तुती, पाठिंबा, माफी, तर मर्यादा. नव्वद टक्के काम या एका चाळणीने होतं. ‘डिस्क्वालिफाय’ मात्र पहिल्याच फांदीवर राहिलं. आमदार अपात्र ठरतो, धावपटू बाद होतो, पण ‘डिस्क्वालिफाईड ओपिनियन’ असं काही ऑडिटमध्ये नसतं.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांसाठी आणखी एक. ‘फुल्ली क्वालिफाईड डोमेन नेम’मध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या एखाद्या यंत्राच्या पूर्ण नावात, पात्रतेचा काही संबंध नाही. आमच्या सोसायटीत जोशी पाच आहेत. कुरिअरवाल्याने खालून ‘जोशी’ अशी हाक मारली की तीन गॅलऱ्यांतून माना बाहेर येतात. ‘बी विंग, तळमजला, तबला शिकवणारे जोशी’ हे फुल्ली क्वालिफाईड. विशेषणं लावत लावत एकावर आणून ठेवलेलं.

कायद्यातला वापर सीएच्या अभ्यासात तुम्हाला भेटलाच असेल. भारतीय करार अधिनियम १८७२, कलम ७: प्रस्तावाचं वचनात रूपांतर व्हायचं तर स्वीकृती ‘ॲब्सोल्यूट अँड अनक्वालिफाईड’ हवी. घर विकणारा म्हणाला अमुक रक्कम, घेणारा म्हणाला ‘मान्य, फक्त पार्किंग त्यातच धरा’. ही स्वीकृती नाही, हा नवा प्रस्ताव झाला. इथे मी ‘निरपवाद’ लिहिते. ‘बिनशर्त’ही चालतं, माफीसाठी तर तेच रूढ आहे.

पण ऑडिटच्या अभिप्रायाला ‘सशर्त’ म्हणू नका, हा माझा हट्ट समजा. अनेक अहवालांत ‘सशर्त मत’ दिसतं आणि अगदीच चूक आहे असंही कोणी म्हणणार नाही. तरी अट आणि अपवाद यांत फरक आहे. अट पुढे बघते: अमुक झालं तर तमुक. ऑडिटर अशी कसलीही अट घालत नाही. संस्थेने उद्या तरतूद वाढवली म्हणून ३१ मार्चच्या ताळेबंदावरचा त्याचा अभिप्राय आपोआप स्वच्छ होत नाही. तो एवढंच म्हणतो की ही एक बाब सोडून बाकी चित्र खरं आहे. ते वगळणं झालं. चहाच्या टेबलापाशी मला ऐकवलेला तोच शब्द.

तुमचे सर लेखापरीक्षणाच्या ज्या मानकावर (स्टँडर्ड ऑन ऑडिटिंग) बोट ठेवतील ते एसए ७०५. त्यात ‘मॉडिफाईड’, म्हणजे स्वच्छ नसलेल्या, अभिप्रायाचे तीन प्रकार आहेत. चूक ठळक आहे पण सगळ्या हिशेबात पसरलेली नाही, किंवा एखाद्या बाबीचा पुरेसा पुरावा मिळाला नाही पण तिचा परिणाम तेवढ्यापुरताच असू शकतो, तर क्वालिफाईड. चूक ठळकही आहे आणि सर्वदूर पसरलेलीही, तर ॲडव्हर्स. म्हणजे हे हिशेब खरं चित्र दाखवत नाहीत, असं सरळ सांगणं. आणि पुरावाच इतका अपुरा की मत बनवता येत नाही, तर डिस्क्लेमर. मराठीत मी अनुक्रमे ‘मर्यादित अभिप्राय’, ‘प्रतिकूल अभिप्राय’ आणि ‘अभिप्राय देण्यास असमर्थता’ लिहिते. एसए ७०६ मधला ‘एम्फसिस ऑफ मॅटर’ यांत मिसळू नका. तिथे ऑडिटर एखाद्या टिपेकडे फक्त लक्ष वेधतो, अभिप्रायात पाणी घालत नाही.

स्वच्छ अहवालाला मानकांत आता ‘अनमॉडिफाईड’ म्हणतात. घोळ टळला असं वाटेल, पण ‘मॉडिफाय’च्या मुळाशी लॅटिन ‘मोदुस’ आहे, म्हणजे माप. लॅटिनमध्ये त्या क्रियापदाचा अर्थ मापात बसवणं, आवर घालणं असा होता. म्हणजे शब्द बदलला तरी कुंपण तिथेच राहिलं. आणि ऑफिसात बोलताना तसंही कोणी अनमॉडिफाईड म्हणत नाही. ‘रिपोर्ट क्लीन आहे’ किंवा ‘रिपोर्ट क्वालिफाय केलाय’ एवढंच ऐकू येतं. ‘यंदा तीन क्वालिफिकेशन्स आली’ हे वाक्य बाहेरच्याने ऐकलं तर त्याला वाटेल कोणीतरी तीन डिग्र्या घेतल्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३४ नुसार अशा प्रत्येक क्वालिफिकेशनवर संचालक मंडळाला आपल्या अहवालात खुलासा द्यावा लागतो. तिथे ‘अर्हता’ लिहिलेलंही मी पाहिलंय. सरकारी जाहिरातीतली ‘शैक्षणिक अर्हता’ उचलून संचालकांच्या खुलाशात नेऊन बसवलेली! तिथे ‘मर्यादा’ किंवा सरळ ‘आक्षेप’ लिहा.

जाता जाता ‘पात्र’बद्दल, कारण या सगळ्यात त्या बिचाऱ्या शब्दाला मी फार झोडपलं. पात्र म्हणजे मुळात भांडं, ज्यातून प्यायचं ते; ‘पा’ म्हणजे पिणं. ज्यात एखादी गोष्ट मावते ते पात्र, आणि ज्याच्यात ती पेलायची ताकद आहे तो माणूसही पात्र. पण भांड्याला काठ असतात. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बंद होतो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो, आणि काठावरची माणसं बघत उभी राहतात की पाणी पात्राबाहेर येतंय का. तिथे पात्र म्हणजे नदीची हद्द. उमेदवार पात्र ठरला यातही तेच पात्र आणि मुठा नदीचंही तेच. म्हणजे बसणं आणि अडवणं हे जोडकाम आपल्या शब्दालाही ठाऊक आहे. म्हणून ‘पात्र मत’ खरं ठरतं का? नाही. ‘पात्र’चा हद्दीचा अर्थ नामात राहिला, विशेषणात आलाच नाही. मराठी वाचक ‘पात्र अभिप्राय’ वाचून नदी आठवत नाही, तो टाळ्या वाजवतो. मी पाहिलंय.

‘मर्यादित’ला एक आक्षेप येतो, तोही सांगून ठेवते. आपल्याकडे प्रत्येक गृहरचना संस्थेच्या पाटीवर शेवटी ‘मर्यादित’ असतं, त्यामुळे शब्द गुळगुळीत झालाय, कोणी दचकत नाही. खरं आहे. म्हणून मी शीर्षकात ‘मर्यादित अभिप्राय’ ठेवते आणि मजकुराच्या पहिल्याच ओळीत ‘वगळता’ आणते, म्हणजे घाईत चाळणारा सभासदही अडखळतो.

तुमच्या मजकुरात थकीत कर्जांचा मुद्दा असेल असं धरून नमुना देते: ‘आमच्या मते, “मर्यादित अभिप्रायाचा आधार” या परिच्छेदात नमूद केलेल्या बाबीचा परिणाम वगळता, सोबतची वित्तीय विवरणपत्रे संस्थेच्या ३१ मार्च रोजीच्या आर्थिक स्थितीचे खरे व वाजवी चित्र दर्शवतात.’ ‘वगळता’ला वाक्याच्या शेवटी ढकलू नका. अध्यक्ष ‘वाजवी चित्र’पर्यंत वाचून थांबतात.

आणि अहवाल एकदा पहिल्या पानापासून शोधून बघा. तिथे सभेच्या सूचनेत किंवा अध्यक्षांच्या मनोगतातही ‘पात्र’ लपलेला असतो. माझ्या त्या अहवालात तो तीन ठिकाणी होता, त्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांना एकच सापडला होता.